पाहुण्यांसाठी नर्स

९ फेब्रुवारी

बारके,

ताईचे आशीर्वाद. पत्र लांबलचक आहे, बसून वाच. उभ्या उभ्या वाचलंस तर मुद्द्याचं निसटेल, आणि मुद्दा तुझ्याबद्दलच आहे. फोन करणार होते, पण फोन पोस्टात, आणि पोस्टात बोललेलं संध्याकाळपर्यंत पुलापलीकडे पोचतं.

आपल्या ग्रामविकास संघाला चक्क काम मिळालंय. इतकी वर्षं आम्ही जमायचो, मोरीच्या दुरुस्तीवर बोलायचो, चहा प्यायचो आणि उठायचो. मला चिटणीस केलं ते माझं अक्षर बरं म्हणून. आरागिरणी आता आठवड्यातून तीनच दिवस चालते, अर्ध्या घरांना कुलपं लागलीत. तेव्हा आमचे अध्यक्ष, म्हणजे पोस्टमास्तर, म्हणाले की शहरातले लोक घळ बघायला येतात, कागद टाकतात आणि परत जातात. ते दोन दिवस राहिले तर? पाच घरांत एकेक खोली, घळीच्या वाटेला कठडा, पुलापाशी पाटी. पर्यटन खातं मदत करणार आहे. तुझे भावजी तर आत्तापासून बाकं ठोकत बसलेत. घरात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे लाकडाचा भुसा.

आता मुद्दा. अर्जाच्या सातव्या पानावर लिहिलंय की पाहुणे ठेवायचे तर गावात प्रथमोपचाराची खोली हवी, आणि नोंदणी झालेली नर्स हवी. पगार खातं देणार. पोस्टमास्तरांनी ते मोठ्याने वाचलं. आपण दहा वर्षं नर्स मागतोय, दहा वर्षं उत्तर येतंय की लोकसंख्येत बसत नाही. शिंपीणकाकू म्हणाल्या, "म्हणजे आपण मरायला मोकळे होतो. पाहुण्याचा पाय मुरगळला की मात्र पंचाईत!" सगळे हसले. गिरणीवाले हसले नाहीत. त्यांची बायको आणि पोटातलं बाळ दोन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या रस्त्यात गेलं. दोन तासांचा रस्ता, दुसऱ्या वळणावरच सगळं संपलं. तेव्हापासून सभेत एक शब्द बोलले नव्हते. परवा उठले आणि म्हणाले, "गिरणीची हजेरीची खोली रिकामी आहे. घ्या. पण नर्स आणा."

मी हात वर केला आणि म्हणाले, "नर्स आमच्या घरची आहे."

तर बारके, मी तुझं नाव लिहून टाकलंय. न विचारता लिहिलं, त्याबद्दल आल्यावर भांड. "मी परत येईन" असं तूच म्हणायचीस ना? तुझा नोंदणी क्रमांक तेवढा कळव, रकाना मोकळा सोडलाय. आईने ऐकल्यापासून खोलीला कुठला रंग द्यायचा याचा घोळ घातलाय. पुलापर्यंत जाऊन रंगाचे डबे बघून आली, येताना तीनदा बसावं लागलं. वय झालं आता, दुसरं काय.

तुझी,
ताई

२४ फेब्रुवारी

ताई,

पत्र बसून वाचलं. दोनदा वाचलं. गिरणीवाल्यांचं तेवढं तीनदा. मला त्यांची बायको आठवते. शाळेत माझ्यापुढे बसायची, वेणी माझ्या वहीवर पडायची.

नंबर शोधून कळवते. कागद कुठे ठेवलेत ते बघावं लागेल.

पाहुण्यांच्या खोल्यांचं मात्र आत्ताच लिहिते, कारण लोक तिथेच चुकतात. दर पलंगाला चादरींचे तीन जोड हवेत. एक अंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. दोनात भागवू म्हणाल तर पहिल्या पावसाळी आठवड्यात ओल्या चादरी घालाल. रंगीत घेऊ नका, पांढऱ्याच घ्या. डाग दिसतो, हाच पांढऱ्याचा फायदा. दिसला की तो उकळून काढता येतो. वाळत घालण्याआधी दोघींनी दोन टोकं धरून जोरात झटकायच्या, इस्त्री निम्मी वाचते. उशीच्या अभ्र्याला खळ नको, गालाला टोचते. दाराच्या मागे दोन खुंट्या हव्यातच. पाहुणा आल्या आल्या टॉवेल कुठे टांगायचा ते शोधतो, आणि खुंटी नसली की त्याला सगळं घरच गैरसोयीचं वाटतं.

आता आईचं. तीनदा बसावं लागलं म्हणजे दम लागला म्हणून, की पाय दुखले म्हणून? संध्याकाळी तिच्या घोट्यावर बोट दाबून बघ, खळगा राहतो का. आणि झोपताना किती उशा घेते ते कळव. विसरू नकोस.

भावजींना नमस्कार.

बारकी

१२ मार्च

बारके,

तुझं पत्र मी सभेत वाचून दाखवलं. आईचं सोडून, चादरींचं. काय सांगू, सगळे अवाक्! पोस्टमास्तर म्हणाले, "हे तर छापून खोलीखोलीत लावायला हवं." शिंपीणकाकूंनी अभ्रे शिवायला घेतले. म्हणतात, "दवाखान्यात एवढी चादरींची उठाठेव असते हे माहीत नव्हतं. मला वाटायचं नर्स सुया टोचतात." मी आपली ताठ मानेने बसले होते. भावजींनी सगळ्या दारांमागे खुंट्या ठोकल्या, आमच्या न्हाणीच्या दारालासुद्धा. तिथे पाहुणा कशाला जाईल ते त्यांनाच ठाऊक.

हजेरीची खोली आता ओळखू येणार नाही. गिरणीवाल्यांनी स्वतः भिंती खरवडल्या, गिरणीच्या लाकडाचं टेबल केलं. टेबलाची उंची किती ठेवू म्हणून विचारायला आले. मी म्हटलं, मला काय ठाऊक? तर म्हणाले, "बारकीची उंची किती?" मी खांद्यापाशी हात धरून दाखवला. तेवढ्या मापाचं केलं त्यांनी.

खात्याचे साहेब येऊन गेले. घळीच्या कड्यावर उभे राहून त्यांना चक्कर आली, पण वाट आवडली. नर्सच्या रकान्यापाशी थांबून म्हणाले, "क्रमांक?" मी म्हटलं येतोय. बाई गं, महिना झाला. कागद शोधायला इतके दिवस लागतात? तू तर पेन्सिलीचे तुकडेसुद्धा डबीत घालून ठेवायचीस.

आई ठणठणीत आहे. घोटे बघू देत नाही. म्हणते, "ती येऊन बघेल, तू बोटं लावू नकोस." येशील तेव्हा तूच दाब काय दाबायचं ते.

तुझी,
ताई

३० मार्च

ताई,

घाईत लिहिते आहे. इकडे फार काम आहे, एवढ्यात सुटणं जमेल असं वाटत नाही. तुम्ही माझ्यावर अडून राहू नका. जिल्ह्याच्या नर्सिंग शाळेत विचारा, नुकत्याच पास झालेल्या मुली असतात, हौसेने येतील. माझं नाव खोडून टाक.

आईच्या उशांचं तू लिहिलं नाहीस.

बारकी

२० एप्रिल

बारके,

तुझं कार्ड आलं तेव्हा मला राग आला होता. शहराचं पाणी लागलं असं म्हणाले मी भावजींना. नाव काही खोडलं नाही. म्हटलं, ओढून आणीन. शेवटी खात्यानेच तुझ्या नावावरून क्रमांक शोधायला घेतला.

काल त्यांचं पत्र आलं. पोस्टमास्तरांनी न फोडता माझ्या हातात दिलं, चिटणिसाच्या नावाने होतं म्हणून. मी पोस्टाच्या पायरीवरच उघडलं. लिहिलंय की सदर नाव गेल्या नोव्हेंबरपासून नोंदवहीतून कमी करण्यात आलेलं आहे, तरी दुसरं नाव पाठवावं, अन्यथा प्रथमोपचाराच्या खोलीचा भाग वगळून अर्जाचा विचार करण्यात येईल.

चार वेळा वाचलं. वाटलं, नावात चूक असेल. पण नाव तुझंच आहे, आपल्या बाबांचंही नाव बरोबर आहे.

पोस्टमास्तर खिडकीतून बघत होते. "काय म्हणतात साहेब?" मी म्हटलं, "अजून एक कागद मागतात." घडी घालून पोलक्यात ठेवलं. अजून कोणाला दाखवलेलं नाही, भावजींनाही नाही.

नोव्हेंबर म्हणजे पाच महिने. या पाच महिन्यांत तुझी माझी किती पत्रं झाली? तू आहेस कुठे? करतेस काय? तू नर्स आहेस की नाहीस, एवढं एका ओळीत लिही. दुसरं काही नको.

ताई

२८ एप्रिल

ताई,

एका ओळीत: नाही.

पण एक ओळ पुरणार नाही, म्हणून पुढचं लिहिते.

नोव्हेंबरात आमच्या वॉर्डातल्या दोघी आजारी होत्या, आणि मी लागोपाठ तिसरी पाळी करत होते. हे कारण म्हणून सांगत नाही. चौकशीत मला विचारलं होतं, थकला होतात का, तेव्हाही मी म्हणाले, थकले होते पण डोळे उघडे होते. अकरा नंबरच्या पलंगावरच्या माणसाचं इंजेक्शन मी बारा नंबरला दिलं. दुपारची वेळ होती, खोलीत लख्ख उजेड होता. कागद माझ्या हातात होता.

बारा नंबरला एक आजोबा होते. घड्याळं दुरुस्त करायचे. दुसऱ्या दिवशी घरी जाणार होते. माझ्या मनगटावरचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे म्हणून रोज चिडवायचे. "बाई, तुम्ही आमच्या आधी जगताय." त्या दिवशी इंजेक्शन देताना ते म्हणाले, "आज कसलं हे? माझं तर सकाळी झालं." मी म्हणाले, "झालं, झालं, हलू नका."

ताई, ते बोलले होते. मी ऐकलं नाही. माझी खरी चूक ती आहे. पलंग चुकणं कोणाच्याही हातून होईल. माणूस सांगतोय आणि आपण हलू नका म्हणतोय, ते मी केलं.

वीस मिनिटांत ते गेले. डॉक्टरांनी सगळे उपाय केले. मी स्वतःच सांगितलं, रजिस्टरात माझ्याच हाताने लिहिलं. त्यांची मुलगी आली. तुझ्याएवढी असेल. तिने विचारलं, "तुम्हीच का?" मी म्हणाले, "हो." तिच्या हातात वडिलांना घरी न्यायला आणलेले कपडे होते, ते घेऊन तशीच उभी राहिली.

नोंदवहीतून नाव गेलं, राहायची खोली गेली; तुझी पत्रं तिथला रखवालदार इकडे पाठवतो. आता एका हॉटेलच्या धुलाईखान्यात काम करते. दिवसभर चादरी घड्या करते. तुम्ही सभेत वाचलंत ते सगळं मी इथे शिकले. दवाखान्यात मला चादरीतलं काही कळत नव्हतं.

तुला का नाही सांगितलं? पहिल्यांदा सांगायला बसले, तेवढ्यात तुझं ते पत्र आलं, "नर्स आमच्या घरची आहे" म्हणून. मग नंबर शोधते असं लिहिलं. लिहिताना मला स्वतःलाच क्षणभर खरं वाटलं, की कागद कुठेतरी पडला असेल.

माझ्यामुळे खोली गेली तर गिरणीवाल्यांना काय तोंड दाखवणार मी?

बारकी

१५ मे

बारके,

तुझं पत्र घेऊन मी घळीच्या वाटेवर नव्या बाकावर जाऊन बसले. घरी वाचवेना. भावजींचं पहिलं बाक, अजून रंग ओला होता. पातळाला लागला. तिथेच तुझ्या नावाने हाका मारत रडले. कोणी नव्हतं, बरं झालं.

तू एकटीने सगळं काढलंस. मी इकडून खुंट्यांच्या गप्पा लिहीत होते.

आता मी काय केलं ते सांगते, आणि तू रागावू नकोस. जिल्ह्याच्या शाळेत विचारलं होतं. तिथल्या मुलींनी नकाशा बघितला आणि नको म्हणाल्या. सभेत नर्सचा विषय निघालाच. सगळे माझ्याकडे बघताहेत. गिरणीवाले दाराशी उभे. त्यांच्या पुढ्यात मला ते सांगवेना. एक माणूस गेला म्हणून सांगितलं असतं, तर ते काय विचार करतील, तुझ्याबद्दल काय बोलतील, मला सहन झालं नसतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "तिला बढती मिळालीय. मोठ्या दवाखान्यात मुख्य नर्स झालीय. ते लोक सोडत नाहीत."

मग शिंपीणकाकू म्हणाल्या, "तरीच चादरींचं एवढं ज्ञान!" पण हसल्यासारखं नव्हतं ते. गिरणीवाले म्हणाले, "होतं असं. माणसं मोठी होतात." आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी हजेरीच्या खोलीला त्यांनी कुलूप घातलं. टेबल आतच आहे.

खात्याने बाकी सगळं मंजूर केलं. वाट, पाटी, खोल्या. नर्सची खोली वगळून. सातवं पान म्हणे सवलतीने माफ, पाहुण्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर यावं. पहिले पाहुणे जूनमध्ये येतील.

आईला बाहेरून कळलं, मी सांगायच्या आधी. खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून सांगते, "माझी धाकटी मुख्य नर्स झाली." मला विचारलं, "तिच्या हाताखाली किती जणी?" मी म्हटलं, वीस. काय करू? एकदा सुरू केलं की पुढचं सुचत जातं.

आता तू लिहितेस तेव्हा जपून लिही. आणि एवढ्यात येऊ नकोस. लोकांचं मन जरा निवू दे.

आईच्या घोट्यांवर खळगा राहतो. उशा तीन घेते. आधी सांगितलं नाही, कारण वाटलं असतं की तुला भुलवून बोलावतेय.

ताई

२४ मे

ताई,

तीन उशा आणि घोट्यावर खळगा म्हणजे हृदय थकलंय. वय म्हणून सोडून देऊ नकोस. याच आठवड्यात गाडी करून तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात ने. ती नाही म्हणेल, ऐकू नकोस. तोवर जेवणात मीठ बंद. पाय खुर्चीवर वर ठेवून बसव. आडवं झोपायला लावू नकोस, बसूनच झोपू दे. दम वाढला, ओठ निळसर दिसले, तर खिडक्या उघड आणि तिला उठवून बसव, पाय खाली सोडून. हे कागदावर उतरवून भिंतीला लाव.

मला यायचंय. पण आले तर मुख्य नर्स म्हणून यावं लागेल, तुझ्या सांगण्याप्रमाणे. कोणीतरी दारात आजारी माणूस आणेल. "आलीच आहेस तर बघ" म्हणेल. मला नाही म्हणता येणार नाही, आणि हो म्हणायचा मला हक्क नाही. म्हणून विचारते, दुसऱ्या कुणाला नको, फक्त आईला खरं सांग. तिला एकटीला सांग. म्हणजे मला तिच्यासाठी तरी येता येईल. तिला वाटू नये की मी वीस जणींसाठी तिला सोडलं.

उत्तर लगेच पाठव.

बारकी

२ जुलै

बारके,

फोनवर बोललो ते तेवढंच. पोस्टात माणसं उभी होती. आता सगळं लिहिते, तुझा हक्क आहे.

आईला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तू लिहिलंस तेच सांगितलं, शब्दाला शब्द. भिंतीवरचा कागद मी मीठबिठ सगळं धरून पाळला. पंधरा दिवस बरं वाटलं. स्वतः उठून खिडकीशी बसायची. तुझं ते पत्र माझ्या उशाखाली होतं. रोज म्हणायची मी, आज सांगू. तिला बरं वाटत असलं की मीच मनाशी म्हणायची, आजचा दिवस चांगला चाललाय, कशाला. बरं वाटत नसलं की म्हणायची, आज नको, तिला झेपणार नाही.

सतरा तारखेला पहिले पाहुणे आले. नवराबायको, बरोबर सासू. आमच्याच घरातल्या खोलीत. आख्खा संघ पुलापाशी उभा होता, पोस्टमास्तरांनी कोट घातला होता. दुपारी ते लोक घळीकडे गेले आणि मी आईजवळ बसले. तिचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "आई, बारकीला बोलावून घेते." तर माझा हात धरून म्हणाली, "कळवू नकोस तिला. कळवलंस आणि ती आली नाही, तर मला ते कळेल. न कळवलंस तर कळणारच नाही."

मी तोंड उघडलं होतं गं. "आई, ती नाही म्हणतेय कारण" एवढं म्हणाले मी. "कारण" हा शब्द तोंडातून निघाला होता. तेवढ्यात दारावर टकटक. पाहुणीण परत आली होती, सासूचे पाय दुखायला लागले म्हणून गरम पाणी हवं होतं. पहिलाच पाहुणा, पहिलंच मागणं. मी उठले. पाणी तापवलं, टॉवेल दिला, खुंटी दाखवली. दहा मिनिटं लागली असतील. परत आले तर आईला झोप लागली होती, खुर्चीत, पाय वर ठेवून. इतक्या दिवसांत तशी शांत झोपली नव्हती. उठवावंसं वाटलं नाही. म्हटलं, सकाळी सांगू.

सकाळी पाहुण्यांचा चहा गॅसवर ठेवला आणि तिला बघायला गेले. ओठ तू लिहिलेस तसे झाले होते. खिडक्या उघडल्या, उठवून बसवलं, पाय खाली सोडले. सगळं केलं. पाहुणा भला माणूस, चप्पल न घालता धावला, स्वतःची गाडी दारात आणली. गिरणीवाल्यांनी आईला उचललं. उचलता उचलताच ते थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "आता रस्त्यावर नको न्यायला. घरातच राहू द्या." त्यांना कळलं होतं.

बाहेर पडताना दाराशी ते पोस्टमास्तरांना म्हणाले, "एवढी मुख्य नर्स लेक, आणि म्हातारी अशी." मी ऐकलं. तेव्हाही मी गप्प राहिले.

तू मोठी झालीस आणि आली नाहीस, असं समजून आई गेली. मी तुला वाचवायला गेले आणि तुझी आईच तुझ्याकडून काढून घेतली. तू मला काय बोलायचं ते बोल.

ताई

१४ जुलै

ताई,

तुझं पत्र आल्यावर चार दिवस मी तुझ्यावर रागावले होते. पाचव्या दिवशी वाटलं, राग कुठल्या तोंडाने धरू? मी "नंबर शोधते" असं लिहिलं नसतं, तर तुला बढती बनवावीच लागली नसती. तू खोटं बोललीस ते माझ्यासाठी. मी बोलले ते स्वतःसाठी.

अजून एक आहे, ते तुला सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, "पोचणार नाहीस, येऊ नकोस." मी फोन ठेवला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आई गेली त्याचं नाही. गावात कोणाला तोंड दाखवायला नको, त्याचं. क्षणभरच होतं, पण होतं. मग रडले ते त्या क्षणाबद्दल किती आणि आईबद्दल किती, मला सांगता येणार नाही.

"कळवलंस आणि ती आली नाही तर मला ते कळेल." हे वाक्य मी दिवसभर चादरी झटकताना ऐकते. ती बसून वाट बघत होती आणि मला येता येत होतं. दोन दिवसांचा रस्ता फक्त. मी तिच्या दारात उभी राहून "आई, माझ्या हातून माणूस गेला" एवढं म्हणायचं होतं. ती काय म्हणाली असती? मला माहीत नाही. ओरडली असती, कदाचित बोललीही नसती काही दिवस. पण मग तिने मला जेवायला वाढलं असतं. ते आता कधी कळायचं नाही.

त्या आजोबांच्या मुलीला मी "हो" म्हणाले होते. तेवढं एक मी सरळ केलं. गावात मात्र माझ्याबद्दल कोणालाच सरळ काही माहीत नाही. आईला सांगायचं राहून गेलं, ते आता होणार नाही. बाकीच्यांना सांगता येईल.

मी काम सोडलं आहे. येत्या शनिवारी दुपारच्या गाडीने येते. गिरणीवाल्यांकडे मी स्वतः जाईन. त्यांनी काय करावं ते त्यांचं ते ठरवतील. कुलूप काढावं असं मी म्हणणार नाही. कोणाला सुई टोचणार नाही, औषध देणार नाही, कोणी दारात माणूस आणला तर का नाही ते सांगेन, दर वेळी, जितक्यांदा विचारतील तितक्यांदा. चादरी मात्र मी धुवीन. दोन टोकं धरायला तुला दुसरं माणूस हवंच आहे.

तू काही बोलू नकोस, आधी कोणाला तयार करून ठेवू नकोस. मला घ्यायला पुलापाशीही येऊ नकोस, भावजींनाही पाठवू नकोस. पुलावरून घरापर्यंत मी चालत येईन. वाटेत जो पहिला भेटेल आणि "मुख्य नर्स झालीस म्हणे" असं विचारेल, त्याच्यापासून सुरुवात करीन.

बारकी